गांधीलमाशीचा जन्म

महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी एस. टी. स्थानकाबाहेर क्षणभर उभे राहिले, की रिक्षांची रांग दृष्टीस पडते. पुढे एक चाक, मागे दोन चाके आणि हँडल धरून बसलेला चालक. शेजारी झाडाच्या सावलीत चारदोन स्कूटरीही उभ्या असतात. ही वाहने इतक्या परिचयाची झाली आहेत, की त्यांच्याकडे कोणी मुद्दाम वळून पाहात नाही. परंतु स्कूटरच्या अंगाकडे एकदा निरखून पाहावे. मोटारसायकलचे इंजिन उघडे असते; स्कूटरचे झाकलेले असते. मोटारसायकलवर टांग टाकून बसावे लागते. स्कूटरवर खुर्चीत बसावे तसे बसता येते. धोतर नेसलेले आजोबा आणि नऊवारी नेसलेली आजी यांना जर कोणते दुचाकी वाहन सोयीचे वाटले असेल, तर ते हेच. समोरचा रुंद पत्रा रस्त्यावरचा चिखल पायांवर उडू देत नाही. ही घडण प्रथम कोणाला सुचली असेल?

ज्याला सुचली, त्याला मोटारसायकली मुळीच आवडत नव्हत्या. शिवाय त्याच्या आयुष्याची तीस वर्षे दुचाकीशी काही संबंध नसलेल्या कामात, म्हणजे विमाने आणि हेलिकॉप्टर यांच्या कामात गेली होती. त्याचे नाव कोरादीनो दास्कानियो.

दास्कानियोचा जन्म १ फेब्रुवारी १८९१ रोजी इटलीच्या अब्रूत्झो या डोंगराळ प्रांतातील पोपोली नावाच्या लहानशा गावी झाला. त्या काळी विमान ही नवलाईची वस्तू होती. राइट बंधूंनी अमेरिकेत पहिले उड्डाण केले, ते १९०३ साली. त्या वेळी हा मुलगा बारा वर्षांचा होता. पक्षी कसे उडतात, हे पाहण्याचा त्याला छंद जडला. आता पक्ष्यांकडे टक लावून पाहणारी मुले गावोगाव असतात. दास्कानियोने त्यापुढे एक पाऊल टाकले. त्याने पक्ष्यांची वजने आणि त्यांच्या पसरलेल्या पंखांची लांबी यांची तुलना केली. अमुक वजनाला अमुक लांबीचे पंख, असे काही प्रमाण असते काय, हा त्याचा प्रश्न होता. त्या मापांच्या आधारे पंधराव्या वर्षी त्याने पंखांचा एक सांगाडा तयार केला आणि गावाजवळच्या टेकडीवरून तो उडवून पाहिला.

पुढे तुरीन येथील तंत्रविद्यालयात शिकून १९१४ साली तो इंजिनिअर झाला. त्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. त्याला विमानदलात काम मिळाले. युद्ध संपल्यावर तो काही काळ अमेरिकेतही विमानांच्या कामासाठी राहून आला आणि मग पोपोलीस परतला. आता त्याच्या मनाने एक नवाच ध्यास घेतला होता. विमानाला उडण्यासाठी लांब धावपट्टी लागते. जागच्या जागी उभे वर चढेल, हवेत स्थिर राहील आणि हवे तेथे अलगद उतरेल, असे यंत्र करता येईल काय?

असे यंत्र करण्यात मोठी अडचण होती. डोक्यावरचे मोठे पाते एका दिशेने फिरू लागले, की त्याखालचे धड उलट दिशेने फिरू लागते. मग माणूस आत बसणार कसा? दास्कानियोने एकावर एक अशी दोन पाती बसवली आणि ती परस्परविरुद्ध दिशांना फिरवली. एकाचा ओढा दुसऱ्याच्या ओढ्याने नाहीसा झाला आणि धड स्थिर राहिले. पात्यांचा कल बदलण्यासाठी त्याने त्यांच्या मागच्या कडांना लहान झडपा जोडल्या. बॅरन पिएत्रो ट्रोयानी या गृहस्थाने या कामासाठी पैसा पुरवला. पहिली दोन यंत्रे फसली. तिसरे मात्र उडाले. ऑक्टोबर १९३० मध्ये रोमजवळच्या चांपीनो विमानतळावर ते १८ मीटर उंच चढले, १,०७८ मीटर अंतर तोडून गेले आणि हवेत ८ मिनिटे ४५ सेकंद टिकले. आजच्या हिशेबाने हे आकडे पोरखेळाचे वाटतील. त्या वेळी मात्र ते हेलिकॉप्टरचे जागतिक उच्चांक होते.

एवढे होऊनही हेलिकॉप्टर विकत घेण्यास कोणी पुढे आले नाही. सरकारने उत्साह दाखवला नाही, पैसा संपला आणि ती लहानशी कंपनी बंद पडली. चाळिशी ओलांडलेला दास्कानियो पियाजिओ नावाच्या कारखान्यात नोकरीस गेला. हा कारखाना १८८४ साली निघाला होता. आरंभी तेथे जहाजांतील सजावटीचे सामान होई, मग आगगाडीचे डबे आणि शेवटी विमाने होऊ लागली. दास्कानियोने येथे विमानांचे पंखे तयार केले. उड्डाण चालू असतानाच ज्यांच्या पात्यांचा कोन बदलता येतो, असे ते पंखे होते आणि त्यांनी त्याला चांगला लौकिक मिळवून दिला. फावल्या वेळात हेलिकॉप्टरचे आराखडे चालूच होते.

त्यानंतर दुसरे महायुद्ध आले. पोन्तेदेरा येथील पियाजिओचा कारखाना बाँबवर्षावात उद्ध्वस्त झाला. १९४५ साली युद्ध संपले, तेव्हा इटली पराभूत झालेली होती. लढाऊ विमानांना आता मागणी नव्हती आणि ती बनवण्याची मुभाही नव्हती. पूल कोसळलेले, रस्ते खड्ड्यांनी भरलेले, आगगाड्या विस्कळीत झालेल्या. कामावर जाणाऱ्या माणसाने मैलोगणती चालावे किंवा सायकल हाणावी. मोटार घेणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते. इकडे कारखान्यातील कामगारांपुढे उद्याच्या भाकरीचा प्रश्न उभा होता.

कारखान्याच्या संस्थापकाचा मुलगा एन्रीको पियाजिओ याने ठरवले, की सर्वांना परवडेल असे एखादे लहान दुचाकी वाहन काढावे. त्याच्या माणसांनी एक नमुना तयारही केला होता. त्याला सगळे ‘पापेरीनो’ म्हणत. डोनाल्ड डक या चित्रातील बदकाचे इटालियन भाषेत हेच नाव आहे. परंतु त्या नमुन्यात मधोमध यंत्राचा उंचवटा होता आणि त्यावरून पाय टाकूनच बसावे लागे. एन्रीकोचे त्याने समाधान झाले नाही. त्याने दास्कानियोला बोलावले आणि हे काम नव्याने हाती घेण्यास सांगितले.

मोटारसायकलींविषयी काही माहिती नसलेल्या आणि त्यांचा तिटकारा असलेल्या माणसाकडे हे काम का सोपवावे, असे कोणालाही वाटेल. परंतु या अज्ञानाचाच येथे उपयोग झाला. मोटारसायकली बनवण्यात ज्यांचा जन्म गेला होता, त्यांना मोटारसायकल अशीच असते, हे इतके ठाऊक होते, की ती तशीच का असावी, हा प्रश्न त्यांच्या मनात येईना. दास्कानियोला तो पहिल्याच दिवशी पडला. त्याने जणू एखाद्या चिडखोर गिऱ्हाइकाप्रमाणे मोटारसायकलीतील दोष मोजण्यास आरंभ केला. तिच्यावर चढणे अवघड आणि बसणे त्रासाचे. साखळीच्या तेलाने कपडे डागळतात. चाक पंक्चर झाले, तर ते काढता काढता दमछाक होते. नंतर त्याने एकेका तक्रारीचा पिच्छा पुरवला.

येथवर तो इंजिनिअर होता. पाते किती वेगाने फिरेल, पत्रा किती वजन पेलेल, असे यंत्राचे प्रश्न तो आजवर सोडवीत आला होता. आता त्याच्यापुढे माणसांचे प्रश्न आले. ज्याने आयुष्यात कधी इंजिन हाताळले नाही, तो यावर कसा बसेल? झगा घातलेली स्त्री पाय कोठे ठेवील? कार्यालयात जाणाऱ्या कारकुनाची विजार स्वच्छ कशी राहील? वापरणाऱ्याच्या बाजूने विचार करून वस्तूला रूप देणे, ही एक वेगळीच विद्या आहे. आज तिचे शिक्षण देणाऱ्या स्वतंत्र संस्था आहेत. दास्कानियोला ती कोणी शिकवली नव्हती. ‘असे का?’ हा लहानपणीचाच प्रश्न विचारीत विचारीत तो तिच्या अंगणात येऊन पोहोचला. त्याची जुनी विद्या त्याला येथे पदोपदी उपयोगी पडली, हे मात्र विसरता येणार नाही.

साखळीचेच पाहावे. मोटारसायकलीत इंजिन मध्यभागी असते आणि त्याची शक्ती मागच्या चाकापर्यंत नेण्यासाठी साखळी लागते. दास्कानियोने विचार केला, की इंजिनच चाकापाशी नेले तर? त्याने ते मागच्या चाकाच्या उजव्या अंगाला लावले. मध्ये फक्त दातेरी चक्रे राहिली. साखळी गेली आणि तिच्याबरोबर तेलाचे डागही गेले. इंजिन मधून हलल्यामुळे पुढे पाय ठेवण्यास सपाट जागा मोकळी झाली. एकाच युक्तीने दोन तक्रारी मिटल्या.

परंतु इंजिन पत्र्याने झाकले, की नवी अडचण उभी राहते. मोटारसायकलचे उघडे इंजिन धावताना लागणाऱ्या वाऱ्याने थंड होते. झाकलेल्या इंजिनाला वारा लागणार कसा? त्यासाठी इंजिनाबरोबर फिरणारा एक पंखा बसवण्यात आला. तो आतल्या आत वारा घालीत राहतो. पंख्यांच्या शास्त्रात मुरलेल्या माणसाला हा उपाय सुचण्यास फारसे सायास पडले नसतील.

चाकाचा प्रश्न त्याने विमानाकडे पाहून सोडवला. सायकलचे पुढचे चाक दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरलेले असते. विमानाचे चाक मात्र पुष्कळदा एकाच बाजूच्या मजबूत दांड्यावर बसवलेले असते. दास्कानियोने आपल्या वाहनाचे पुढचे चाक तसेच एका दांड्यावर बसवले. आता नट सोडले, की चाक बाजूला सरकून हातात येई. चाकेही लहान घेतली, तेव्हा पुढे एक जादा चाक जवळ बाळगण्याचीही सोय झाली. लहान चाकाला खड्डा अधिक जाणवतो, हा तोटा होताच. सोयीबरोबर थोडी गैरसोय पदरी येते. इंजिन उजव्या अंगाला असल्याने या वाहनाचा तोलही किंचित त्या बाजूला राही.

परंतु सर्वांत मोठा बदल डोळ्यांना दिसत नाही. मोटारसायकलीला नळ्यांचा सांगाडा असतो आणि बाकीचे सारे भाग त्याला टांगलेले असतात. दास्कानियोच्या वाहनात असा सांगाडाच नाही. वरून दिसणारा पोलादी पत्रा हाच त्याचा सांगाडा होय. पातळ पत्रा एवढा भार कसा पेलतो, हे कळण्यास रॉकेलचा रिकामा डबा पुरे आहे. तो कापून सपाट केला, तर लहान मूलही तो पत्रा वाकवील. परंतु डब्याच्या आकारात असताना त्याच पत्र्यावर मोठा माणूस उभा राहू शकतो. पत्रा योग्य ठिकाणी वळवला आणि जोडला, की आकारातूनच बळ येते. विमानांचे अंग हलके तरी भक्कम ठेवण्यासाठी याच तत्त्वाचा उपयोग करीत. विमानाच्या कारखान्यातील माणसाने तो जमिनीवर आणला, एवढेच.

गिअर बदलण्याची मूठ त्याने डाव्या हातात दिली. मारिओ देस्ते या सहकाऱ्याने आराखडे काढण्यास मदत केली आणि काही महिन्यांत नमुना उभा राहिला. मागची बाजू दोन्हीकडे फुगीर, कंबर बारीक आणि आवाज गुणगुणणारा. तो पाहताच एन्रीकोच्या तोंडून निघाले, की ही तर गांधीलमाशी दिसते! गांधीलमाशीला इटालियन भाषेत ‘व्हेस्पा’ म्हणतात. तेच नाव कायम झाले. २३ एप्रिल १९४६ रोजी या वाहनाच्या पेटंटासाठी अर्ज करण्यात आला. पहिल्या व्हेस्पाचे इंजिन ९८ घनसेंटिमीटरचे होते आणि ती ताशी सुमारे ६० किलोमीटर वेगाने धावे.

मोटारसायकलच्या धंद्यातील जाणत्या मंडळींनी नाके मुरडली. हे काय खेळणे, असे त्यांना वाटले. पहिल्या वर्षी २,४८४ वाहने तयार झाली. पण दुसऱ्या वर्षी हा आकडा १०,५३५ वर गेला. पैसे हप्त्यांनी देण्याची सवलत ठेवली गेली, तेव्हा शिक्षक, कारागीर, दुकानदार असे सर्व थरांतील लोक ती घेऊ लागले. स्त्रियाही ती निर्धास्तपणे चालवू लागल्या. १९५६ साली दहा लाखावी व्हेस्पा बाहेर पडली. ज्या पोन्तेदेऱ्यात बाँबनी भग्न झालेल्या भिंती उरल्या होत्या, तेथे हजारो हातांना काम मिळाले.

मधल्या काळात आणखी एक अपत्य जन्मास आले होते. स्कूटर झाली, परंतु भाजीवाल्याची टोपली आणि सुताराचे लाकूड कशावरून न्यावे? दास्कानियोने व्हेस्पाच्याच मागे दोन चाके आणि त्यांवर सामानाची पेटी बसवली. १९४८ साली निघालेल्या या तीनचाकीचे नाव ‘आपे’. इटालियन भाषेत आपे म्हणजे मधमाशी. गांधीलमाशीच्या पाठोपाठ ही कष्टाळू बहीण आली, असे म्हणण्यास हरकत नाही.

येथून ही कथा पुण्याकडे वळते. १९६० च्या सुमारास बजाज यांनी पियाजिओशी करार केला आणि पुण्याजवळ आकुर्डी येथे व्हेस्पा स्कूटरी व तीनचाकी रिक्षा तयार होऊ लागल्या. १९७१ साली तो करार संपला. पुढच्याच वर्षी बजाजची स्वतःची ‘चेतक’ स्कूटर निघाली. नाव राणा प्रतापाच्या घोड्याचे असले, तरी घडण गांधीलमाशीचीच होती. तोच पत्र्याचा देह, तेच उजव्या अंगाचे इंजिन आणि तीच डाव्या मुठीतील गिअरची करकर. पुढे उभा राहिलेला मुलगा, मध्ये वडील, मागे आई आणि तिच्या मांडीवर धाकटी मुलगी, असे सबंध कुटुंब तिच्यावरून लग्नकार्याला जाई. स्कूटर सुरू होईना, म्हणजे ती एका बाजूस चांगली कलती करून पुन्हा किक मारणारे गृहस्थ त्या काळी गल्लोगल्ली दिसत. त्या स्कूटरी तयार होणे आता थांबले आहे. चेतक हे नाव २०१९ सालापासून विजेवर चालणाऱ्या स्कूटरीला मिळाले आणि पियाजिओनेही बारामतीजवळ आपला कारखाना काढून २०१२ साली तेथे व्हेस्पा बनवण्यास प्रारंभ केला.

आणि दास्कानियो? त्याचे मन हेलिकॉप्टरमधून कधी निघालेच नाही. व्हेस्पा जगभर धावू लागली, तेव्हाही तो पियाजिओमध्ये हेलिकॉप्टरांचे नमुने तयार करीत होता. परंतु त्या बाबतीत काळ त्याच्या पुढे निघून गेला होता. अमेरिकेत ईगोर सिकोर्स्की याने १९३९ साली जे हेलिकॉप्टर उडवले, त्याच्याच वळणाची हेलिकॉप्टरे सर्वत्र होऊ लागली होती. स्कूटरींवर भरभराटलेल्या पियाजिओनेही पुढे तो खर्चीक नाद सोडून दिला. वृद्ध झालेला हा इंजिनिअर मग १९६४ साली अगुस्ता या दुसऱ्या कारखान्याकडे गेला आणि तेथेही त्याने शिकाऊ वैमानिकांसाठी एका लहान हेलिकॉप्टरचा आराखडा केला. आपल्याला लोकांनी हेलिकॉप्टरसाठी ओळखावे, अशी त्याची इच्छा होती. लोक मात्र त्याला व्हेस्पाचा जनक म्हणत.

५ ऑगस्ट १९८१ रोजी पिसा येथे त्याचे निधन झाले. तेव्हा तो नव्वद वर्षांचा होता. त्या वर्षी पुण्यामुंबईत चेतकसाठी नाव नोंदवून माणसे वर्षानुवर्षे वाट पाहात होती. एखाद्या घरी ती येई, तेव्हा तिला हार घालून, चाकाखाली नारळ फोडून आणि हँडलला कुंकू लावून तिची पूजा होई.